संध्याकाळच्या गाडीची आंतरराष्ट्रीय दखल

निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले, तरी जगात कुठे बॉम्ब पडला की सिंदी मेघेतली आमची गल्ली माझ्या तोंडाकडे बघते. कोपऱ्यावरचे किराणावाले शेठजी साखर मोजता मोजता विचारतात, "मॅडम, हे लढाई कधी बंद होईन हो?" जणू मला सकाळीच तिकडून फोन येऊन गेला आहे. मी चेहरा गंभीर करून म्हणते, "चर्चा सुरू आहे." शेठजींचं समाधान होतं. उभ्या नोकरीत राज्यशास्त्र शिकवून मी जे काही कमावलं, त्यात हे उत्तर सगळ्यात टिकाऊ निघालं. ते अजून एकदाही चुकलेलं नाही.

मी शिकवत होते आंतरराष्ट्रीय संघटना. कॉलेज जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, रोजचं येणं-जाणं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, सेवाग्राम इतकं जवळ, म्हणजे शांतता हा आमच्या पोरांचा घरचाच विषय असणार. प्रत्यक्षात अर्धा वर्ग असा, की ज्याला समाजशास्त्रात जागा मिळाली नाही म्हणून तो जगाच्या शांततेकडे वळला होता. उरलेल्या अर्ध्याला स्पर्धा परीक्षा द्यायच्या होत्या. जगाबद्दल कुतूहल म्हणून आलेलं पोर तीन-चार वर्षांतून एखादं भेटे, आणि मग आम्ही प्राध्यापक मंडळी त्याच्याकडे जरा काळजीनेच बघत असू.

या धंद्याची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याला एक प्रकल्प करावा लागतो. आमच्याकडे त्याचा विषय कायमचा ठरलेला: 'जागतिक वाद आणि आंतरराष्ट्रीय संघटनांचा प्रतिसाद'. तो कोणी ठरवला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विद्यार्थ्याने एक वाद निवडायचा, एक संघटना निवडायची, आणि वाद पेटल्यावर ती संघटना काय म्हणाली, काय केलं, किती उशिरा केलं, हे शोधायचं. संघटनांची नावं मी इथे घेत नाही. उगाच त्यांना चिंता व्यक्त करावी लागेल.

कारण या संघटना जे करतात ते मुख्यतः हेच. त्या पत्रक काढतात, आणि पत्रकातल्या शब्दांना पायऱ्या असतात. सगळ्यात खाली 'दखल घेतली'. तिच्यावर 'चिंता', मग 'तीव्र चिंता', मग 'खेद', मग 'निषेध', आणि अगदी गळ्याशी आलं की 'कठोर शब्दांत निषेध'. ते कठोर शब्द कोणते, हे मात्र पत्रकात कधीच नसतं. सून जशी सासूबाईंच्या भांडी आपटण्यावरून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखते, तशी आमची मुलं पत्रक वाचून प्रकरण कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायला शिकत. हे कौशल्य त्यांना पुढे कुठे उपयोगी पडलं, असं कोणी विचारू नये.

आता सगळेच काही मनापासून शोधत नसत. कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे मागच्या वर्षांचे प्रकल्प संगणकात जपून ठेवलेले असत आणि मुखपृष्ठावरचं नाव बदलून मिळे. एका मुलाच्या प्रकल्पात एक संघटना एका युद्धावर 'बारकाईने लक्ष ठेवून' होती. ते युद्ध संपलं तेव्हा हा मुलगा पाळण्यात असावा. मी त्याला खडसावलं.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्यायनं लक्ष ठेवनं बंद केलं, असं कुठंच लिवलं नाई. मी पाहलं."

मीही शोधलं. खरंच कुठे नव्हतं. त्याला पास करावं लागलं.

एकदा मला हौस आली आणि मी वर्गात जागतिक परिषदेचं नाटक बसवलं. दोन देश, मध्ये सीमेचा वाद, बाकीचे सदस्य देश. मसुद्याचे कागद वाटले, 'स्मरण ठेवून', 'लक्षात घेऊन', 'आवाहन करते' वगैरे भाषा पाठ करून घेतली. तास सुरू झाला आणि माझं लक्ष नाही असं बघून मुलांनी तो वाद मिटवूनच टाकला. त्यांच्या दृष्टीने ती पांदण होती, म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीची वाट. "मोजनी बोलवा, दोघायच्याही वावरातून सारखी सारखी जागा सोडा, अन् खर्च दोघं मिळून करा," असं एका सदस्य देशाने सांगितलं. दोन्ही देश हो म्हणाले आणि चहा मागवायला निघाले. मला त्यांना परत बसवून समजावून सांगावं लागलं, की बाबांनो, हे चुकलं. तुम्ही एका बैठकीत मिटवलं तर पुढच्या वर्षी परिषद काय करणार? मुलं खजील झाली. दुसऱ्या तासाला त्यांनी एकमताने तीव्र चिंता व्यक्त केली, तेव्हा मी त्यांना शाबासकी दिली.

हे सगळं हसत सांगायला बरं वाटतं. प्रणालीचं तसं नाही.

प्रणाली गिरडच्या वाटेवरच्या एका गावातली. वडील शेतकरी, कपाशी आणि तूर, घरचं ठीकठाक. गावातून एम.ए.पर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. आवाज बारीक, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत उभीच राहायची. पायऱ्यांचा धडा झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, हे लोकं चिंता करून झाल्यावर मंग काय करतेत?"

"पुढची बैठक," मी म्हटलं. वर्ग हसला. ती हसली नाही, लिहून घेतलं.

झेरॉक्सच्या दुकानात जायचं सोडून तिने भलतंच केलं. तिने थेट संघटनांनाच ईमेल पाठवून विचारलं, की तुम्ही अमुक वादात अमुक पत्रक काढलंत, पुढे काय केलंत? पाच ठिकाणी पाठवलं. चार ठिकाणांहून काहीच नाही. पाचवीकडून मिनिटभरात उत्तर: आपला संदेश मिळाला आहे, आपलं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं, ते संबंधितांकडे पाठवण्यात येईल. मी तिला सांगितलं की हे उत्तर माणसाने लिहिलेलं नाही, यंत्र आपोआप पाठवतं. तिला ते लगेच कळलं. तिच्या बाबांना मात्र कळून घ्यायचं नव्हतं. त्यांनी तो कागद छापून आणला आणि गावच्या पानठेल्यावर नेला. "पाहा, एका मिनिटात! आपल्या इकडं एका कागदासाठी चपला झिजते अन् तिकडून एका मिनिटात!" गावात पेढे वाटले गेले. प्रणाली मला सांगताना कपाळाला हात लावत होती, पण तिच्या डब्यात माझ्यासाठी दोन पेढे होते.

आणि त्याच दिवाळीनंतर तिच्या गावाची संध्याकाळची बस बंद झाली.

आमचे एम.ए.चे तास चारनंतर सुटत. त्या आधीची गाडी भर दुपारी निघून जाई. त्या रस्त्यावरच्या सात-आठ मुली कॉलेजात होत्या. कोणी अर्धे तास सोडून जाऊ लागली, कोणी येईनाशीच झाली. प्रणालीचे बाबा तिला मोटरसायकलवर न्यायला येत. एक दिवस ते मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "मॅडम जी, एवढं वर्ष मी नेतो-आनतो. पुढच्या वर्षी मले जमनार नाई, वावराकडं कोन पाहीन? गाडी सुरू झाली त दुसरं वर्ष करजो म्हनलं तिले, नाईतर घरी." रागावून नाही बोलले, हिशेब सांगावा तसे बोलले, म्हणून मला ते जास्त लागलं.

मुलींनी अर्ज केले. डेपोने कळवलं, मागणीची नोंद घेण्यात आली आहे. आमचे प्राचार्य म्हणाले, विद्यार्थिनींच्या अडचणीबाबत कॉलेज अत्यंत गंभीर आहे, आणि एक समिती नेमली. अध्यक्ष मी. समितीची बैठक झाली, आलूबोंडे चांगले होते, आणि अधिक माहिती गोळा करायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात प्रणालीने प्रकल्पाचा कच्चा मसुदा दाखवायला आणला. मोठमोठ्या जागतिक वादांच्या तक्त्याखाली तिने एक नवा वाद घातला होता: संध्याकाळची बस. ग्रामपंचायत: दखल. डेपो: दखल. प्राचार्य: तीव्र चिंता. मॅडम: पुढची बैठक.

"हे काय गं?" मी विचारलं.

"तुलनात्मक अभ्यास, मॅडम," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, त्यामुळे मला रागावताही येईना.

गावाने मात्र वेगळाच मार्ग काढला. ग्रामसभेत सरपंच उठून म्हणाले, "डेपोवाले आपलं आयकत नाई. पन प्रणालीची तिकडं ओळख हाये. तिले म्हना, तिकडं लिव." प्रणालीने उभं राहून सांगितलं, की ओळख-बिळख काही नाही, ते मशीन आहे. "तू लिव त खरी," सगळे म्हणाले. एवढं गाव मागे लागल्यावर पोरीने काय करावं? तिने लिहिलं. जगातल्या त्या नामांकित संघटनेला कळवलं, की आमच्या गावाची संध्याकाळची गाडी बंद झाली आहे. मिनिटभरात उत्तर आलं. आपलं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आठवड्याने एका स्थानिक पेपरात चौकट आली: बसफेरीची आंतरराष्ट्रीय संघटनेकडून दखल. तिसऱ्या दिवशी डेपोच्या व्यवस्थापकांचा मला फोन. "मॅडम, तिकडून कोनी पाहनी करायले येनार हाये का? येनार असन त आधी सांगजा, गाड्या धुवून ठेवतो."

मी म्हटलं, "मला तशी कल्पना नाही." ते अगदी खरं होतं.

आणि गाडी सुरू झाली! हार घातलेली गाडी, नारळ, ड्रायव्हरच्या कपाळाला गुलाल. त्या संध्याकाळी मुली खिडकीतून हात हलवत गेल्या तेव्हा मी स्टँडवर उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. उभ्या जन्मात आंतरराष्ट्रीय संघटनेमुळे झालेलं हे एवढंच काम मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही सगळे इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आमच्या प्राचार्यांना सत्कार फार आवडत. कोणी काही केलं की शाल, श्रीफळ, फोटो. कोणी काहीच केलं नाही तरी शाल, श्रीफळ, फोटो. गाडीला मंजुरी देणाऱ्या मोठ्या साहेबांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं, आणि दिवस निवडला तो नेमका प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेचा. त्या दिवशी बाहेरून परीक्षक येणार, जेवण व्हायचंच होतं, मग एकाच मांडवात दोन्ही कामं. वर आणखी त्यांना सुचलं, की साहेबांनी प्रणालीची तोंडी परीक्षा बसून ऐकावी, कारण तिच्या प्रकल्पात त्यांच्या गाडीचा उल्लेख आहे. मी म्हटलं, सर, तोंडी परीक्षा बंद खोलीत होते. ते म्हणाले, "अहो मॅडम, आपण पारदर्शक आहोत."

परीक्षक नागपूरचे. बाहेरचे परीक्षक साधारणपणे प्रकल्पाचं मुखपृष्ठ पाहतात, जाडी पाहतात आणि 'या विषयाकडे का वळलात' विचारतात. हे गृहस्थ प्रकल्प वाचून आले होते. असं आमच्या कॉलेजात क्वचितच घडलं असेल, आणि त्याला हाच दिवस मिळाला.

खोलीत प्रणाली, परीक्षक, मी, प्राचार्य. पहिल्या रांगेत शाल पांघरलेले मोठे साहेब, त्यांच्या शेजारी डेपोचे व्यवस्थापक. परीक्षकांनी पानं उलटली. "पाचव्या प्रकरणात तुम्ही बसचा तक्ता दिलाय. छान आहे. पण आंतरराष्ट्रीय संघटनेचा प्रतिसाद, हा रकाना रिकामा सोडलाय. बाहेर सत्काराच्या फलकावर तर 'आंतरराष्ट्रीय दखल' असं लिहिलंय. नेमकं काय आहे?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"अहो, उत्तर आलं ना त्यांचं!" प्राचार्य मध्येच म्हणाले. "लगेच आलं. त्याचीच तर वरपर्यंत दखल घेतली गेली." मोठे साहेब नम्रपणे हसले.

परीक्षक म्हणाले, "तिला बोलू द्या."

ती बोलली. आवाज नेहमीसारखाच बारीक. "सर, ते उत्तर मशीननं देलं. माह्यं कोनी वाचलंच नाई. मले खात्री करायची होती म्हून मी मंग नुसतं 'नमस्कार' लिवून पाठोलं. तरी तेच उत्तर आलं. मंग काहीच न लिवता पाठोलं. तरी तेच आलं."

"म्हणजे संघटनेचा प्रतिसाद?"

"नाई, सर. प्रतिसाद नाई."

मोठे साहेब अजून हसत होते, पण ते हसू आता चेहऱ्यावर राहून गेलेलं होतं. त्यांनी शाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. परीक्षकांनी मात्र पेन काढलं आणि प्रणालीला त्या वर्षीचे सगळ्यात जास्त गुण दिले. मला हळूच म्हणाले, "खरं संशोधन मी फार दिवसांनी पाहिलं." मला अभिमान वाटला. त्या क्षणी खरोखर दुसरं काही वाटलं नाही.

साहेब श्रीखंडाला थांबले नाहीत. पंगत उठल्यावर मी हात धुवायला गेले, तर नळाशी डेपोचे व्यवस्थापक उभे. साधा माणूस, निवृत्तीला आलेला. ते म्हणाले, "मॅडम, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते मशीनचं उत्तर हाये म्हून. माही पोरगी बी शिकते, तिनं पह्यल्याच दिवशी सांगतलं. पन त्या गाडीसाठी मी वर कागद पाठवून पाठवून थकलो होतो. कोनी हालत नोतं. मंग त्या बातमीचं कात्रन लावलं, अन् सायबायनं त्याच दिवशी सही केली. त्यायले वाटलं, वरून विचारतीन." त्यांनी रुमालाने हात पुसले, बराच वेळ पुसले. "आता सायबायच्या समोरच सांगून टाकलं तिनं. आता मी कायचं कात्रन लावू?"

फोन करून माझ्याकडे पाहणीची चौकशी करणारा तो माणूस मला बावळट वाटला होता. वर सांगायला तो माझ्याकडून फक्त एक होकार मागत होता, हे मला तेव्हा नळाशी उभं राहून कळलं.

गाडी परीक्षा संपेपर्यंत धावली. मग उन्हाळी वेळापत्रक लागलं. मग शाळा-कॉलेजं सुरू झाल्यावर नवं वेळापत्रक लागलं, त्यात ती नव्हती. कोणी काही कारण दिलं नाही. आमची समिती पुन्हा बसली. मी या वेळी खरंच भांडले, डेपोत गेले, साहेबांच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसले. तिथे मला पाणी देण्यात आलं आणि मागणीची नोंद घेण्यात आली. प्रणालीने दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला नाही. बाहेरून परीक्षेला बसेन, तेवढं सांगून गेली.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या मोटरसायकलवर बसून गिरडला निघाले होते, तर वाटेत तिचं गाव. न थांबता जाणं मला जमलं नाही. बाबांनी खाट टाकली, संत्री आणून ठेवली. मी घाबरत होते, की माणूस मला दोष देईल. ते म्हणाले, "मशीननं असो मॅडम, पन त्यायनं उत्तर त देलं. आपल्यावाल्यायनं तेवढंबी नाई देलं." आणि कपाशी वेचायची राहिली आहे म्हणून उठून गेले.

प्रणाली चहा घेऊन आली. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते, बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला आहे, पुस्तकं मिळत नाहीत. मी तिला पुस्तकं पाठवायचं कबूल केलं. मग मनात इतके दिवस होतं ते विचारलंच. "प्रणाली, त्या दिवशी जरा गुळमुळीत बोलली असतीस तर? सर्वरची अडचण होती, उत्तर तपासणं सुरू आहे, असं काहीतरी. आपण तेच तर शिकवत होतो."

"मले माहीत होतं मॅडम, गाडी जाईन म्हून," ती म्हणाली. "सायब समोरच बसले होते. मी एक घडी थांबली. तुमच्याकडं पाहलं."

तिने मोठ्या मनाने कपबशी उचलली आणि भाच्याला अजून चहा हवा का विचारलं.

दिवस कलायला लागला तसे आम्ही निघालो. ती फाट्यापर्यंत चालत आली. थंडी वाजून राहिली होती, तिने स्वतःची ओढणी माझ्या कानांभोवती गुंडाळली, मी नको नको म्हणत असताना. मग भाच्याला म्हणाली, "भाऊ, दमानं नेजो मॅडमले. अंधार पडला की या रस्त्यानं काहीच येत नाई."